नहूमच्या काकड्यांखालची नळी

तिर्त्साची पांढरी गाडी पुन्हा नहूमच्याच फाटकात वळली, आणि ओवादियाच्या हातातला पाव झूगच्या हिरव्या तिखटात बुडालेलाच राहिला.

"खा की," त्याची बायको ब्राखा म्हणाली. "विद्यापीठवाली त्याच्याकडं गेली म्हणून तुझा घास कशाला अडायला हवा?"

नहूम ओवादियाचा लहानपणापासूनचा दोस्त, आता शेजारी. त्याच्या काकडीच्या पॉलीहाऊसखाली तिर्त्साने तिरकं भोक पाडून संवेदकांची लांब नळी उतरवली होती. पिकाला घातलेलं पाणी वस्तीच्या विहिरीच्या झऱ्यांपर्यंत झिरपताना वाटेत काय काय सोबत नेतं, ते तिला बघायचं होतं. दर खेपेला ती नहूमकडे मसाल्याची कॉफी पीत बसायची. इकडे ओवादियाच्या पोटात दुखायचं.

शेवटी तो तिच्या गाडीला आडवा गेला. "त्या रासायनिक खतवाल्याकडं काय ठेवलंय? माझी माती बघ. निव्वळ शेणखत!"

तिर्त्सा आनंदाने तयार झाली. नळी बसली तेव्हा ओवादियाने सगळ्या गल्लीला जखनूनच्या, रात्रभर भाजलेल्या लोणीदार गुंडाळ्या खाऊ घातल्या. नहूमला मुद्दाम समोर बसवलं.

हंगाम सरता सरता तिर्त्सा आली ती जरा चाचरतच. "तुझ्याकडून विहिरीकडे नायट्रेट जास्त उतरतंय. रोपं लहान असतानाच खत विरघळून खाली जातं. नहूम ठिबकमधून थोडं थोडं देतो, ते मुळंच पिऊन टाकतात."

"नहूम, नहूम! दुसरं नाव येतं का तुला?"

दुसऱ्या दिवशी नहूम बाजाराला गेलेला पाहून ओवादियाने शेणकाल्याच्या बादल्या त्याच्या नळीवरच्या मातीत ओतल्या, वरून पाणी सोडलं.

थोड्याच दिवसांत आकडे चढले. "काय घातलंस तू?" तिर्त्सा नहूमला विचारत होती. ओवादिया कुंपणाआडून ऐकत होता. नहूमने मूठभर माती हुंगली. शेण त्याने कधी वापरलंच नव्हतं. त्याने कुंपणाकडे पाहिलं.

"गायी शिरल्या होत्या," तो म्हणाला. "फाटक माझंच उघडं राहिलं. हे आकडे धरू नकोस."

ती गेल्यावर तो कुंपणापाशी आला. "बादल्या जड असतील ना रे? कंबर ठीक आहे?"

ओवादिया तसाच मागे वळला. घरी येऊन त्याने ब्राखाला सगळं सांगितलं.

"माफी मागितलीस?"

"मागतो. पण बघ ना, मोठेपणासुद्धा त्यालाच मिळाला!"

माफी त्याने मागितली. शेणखत कमी केलं, ठिबकही बसवलं. पण तिर्त्सा आली की आधी विचारायचा, "नहूमचं किती?"