टेबलावर परत न आलेली कोंबडी

नवनाथ पाटोळे हे नाव ऐकलं की लोक हमखास विचारतात, "मग तुम्ही ख्रिस्ती कसे?" पाटोळ्यांचं उत्तर तयार असतं. नाव आजीने ठेवलं, मढीच्या नाथांना बोललेला नवस फेडायला. बाप्तिस्मा वडिलांनी करवून घेतला. "मी लहान होतो, दोघांनाही नाराज केलं नाही," असं ते म्हणतात. मोठेपणी मात्र त्यांनी बऱ्याच जणांना नाराज केलं. त्यातला पहिला नंबर माझा.

आम्ही दोघं सिल्वासाच्या एकाच धाग्याच्या कारखान्यात होतो. मी पुण्याहून आलेला इंजिनिअर, ते नगरकडून आलेले मेंटेनन्सचे फोरमन. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथल्याच आमलीत एक गाळा घेतला, दोन लेथ टाकले, चार माणसं ठेवली. मी अजून नोकरीत आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्या गाळ्यात चहा होतो आणि चहाबरोबर भांडण.

भांडणाचा विषय दहा वर्षांत बदललेला नाही. पाटोळ्यांच्या मते सरकारने कर कमी घ्यावेत, कामं मोजकी करावीत आणि गरिबाला मदत करायचं काम शेजाऱ्यावर सोडावं. "सरकारला गरिबाचा नंबर माहीत असतो, हेमंतराव. नाव शेजाऱ्याला माहीत असतं." मी सरकारी शाळेत शिकलो, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालो, त्यामुळे हे ऐकलं की माझं डोकं सटकतं.

"हे सिल्वासा कशावर उभं राहिलं?" ते विचारायचे. "करसवलतीवर. सरकारने हात आवरता घेतला आणि मुंबई-नाशिकची माणसं इथे पोटाला लागली."

"आणि सवलत संपल्यावर ज्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला, त्यांच्या कामगारांचं काय?"

"त्यातले दोघं माझ्या लेथवर आहेत," पाटोळे शांतपणे म्हणायचे. त्या दोघांपैकी एक जण तेवढ्यात मान वर करून हसायचा, आणि मी बिस्कीट चहात बुडवायचो.

त्यांच्या तत्त्वज्ञानाला एकच भोक होतं आणि मी त्यात दर शनिवारी बोट घालायचो. शनिवार-रविवार गुजरातच्या गाड्या इथल्या बारसमोर रांगा लावतात. पाटोळे दारूला शिवत नाहीत. "दारूवर मात्र वाटेल तेवढा कर लावा," ते म्हणत. "तिथे तुमचं अर्थशास्त्र कुठे जातं?" मी विचारायचो. "चर्चला जातं," ते म्हणायचे.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माणूस बोलतो तसा वागतो. गिऱ्हाईक "कच्चं बिल चालेल" म्हणालं की पाटोळे पक्कं बिल फाडून हातात देतात. यापायी त्यांची दोन मोठी कामं गेली. "कर जास्त आहे म्हणून भांडेन. चोरणार नाही." आणि महिन्याची मिळकत हातात आली की घरखर्चाच्या आधी दहावा हिस्सा, दशमांश, बाजूला निघतो. तो कुठे जातो हे त्यांच्या बायकोला, शोभावहिनींनाही पूर्ण माहीत नसतं.

असा हा माणूस गेल्या वर्षी भिमाबाईच्या पाकिटावर उठला आणि मी त्याला तोंडावर दगड म्हणालो.

भिमाबाई जवळच्या किलवणी गावची. नवरा, वाळू नाव त्याचं, कारखान्यात माल चढवायचा. तो काविळीने गेला. मागे ती आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. चर्चच्या गरीब फंडातून तिला दर महिन्याला तांदूळ, डाळ, तेल मिळायचं. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्याला पाकीट म्हणत. दोन वर्षं झाल्यावर पाटोळ्यांनी कमिटीत विषय काढला की पाकीट बंद करायची तारीख ठरवा. चर्चच्या हंगामाच्या सणाच्या दिवशी, जेवणानंतर निर्णय घ्यायचा असं ठरलं आणि भिमाबाईला तसं कळवलं गेलं. शोभावहिनी दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

"दोन पोरींच्या तोंडचं काढायला तुम्हाला लाज वाटत नाही?" मी विचारलं.

पाटोळ्यांनी लेथ बंद केला. "बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "मिशनच्या आवारात दुधाची पावडर मिळायची. देणारी देवमाणसं होती. पण नंतर पाऊस झाला, शेतात काम आलं, तरी आई त्या रांगेत जाऊन उभी राहायची. पदर ओढून, खाली बघत. तिला मी त्याआधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हा दुष्काळापेक्षा तिच्या त्या खाली बघण्याची भीती वाटली."

मला पटलं नाही. आई वेगळी, भिमाबाई वेगळी. पाकीट गेलं तर ती खाणार काय, असं मी विचारलं, तेव्हा पाटोळ्यांनी लेथ पुन्हा चालू केला.

हंगामाच्या सणाला मी दरवर्षी पाहुणा म्हणून जातो, मुख्यतः लिलावासाठी. मंडळीतले लोक आपापल्या घरचं पहिलं काहीतरी आणतात: नागली, दुधी, अंडी, केक, एखादी कोंबडी. उपासनेनंतर मंडपात टेबल मांडून त्याचा लिलाव होतो आणि तो पाटोळे करतात. यात एक न लिहिलेला नियम आहे. बोली जिंकणाऱ्याने पैसे ताटात टाकायचे आणि वस्तू परत टेबलावर ठेवायची. मग ती पुन्हा विकली जाते. एक लाल भोपळा एका वर्षी पाच वेळा विकला गेला आणि शेवटी पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घरी शिजला. दुप्पट-तिप्पट पैसे हसत देणारी माणसं बघून पाटोळे मला डोळ्यांनी खुणावतात. कुणावर जबरदस्ती आहे का, असा त्याचा अर्थ.

भिमाबाई दरवर्षी त्या वेळी मागे चुलीपाशी असायची. लिलाव तिने कधी पाहिलाच नव्हता. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा पुढे येऊन सतरंजीवर बसली.

शोभावहिनींची तांबडी तलंग, अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी, टेबलावर आली. पाटोळ्यांनी पन्नासपासून सुरुवात केली. कुणीतरी शंभर म्हणालं. मग सतरंजीवरून आवाज आला, "दोनशे." भातकापणीची मजुरी तिने पदराच्या गाठीतून काढून आधीच हातात धरली होती.

नाशिकचा सागर, मंडळीतला तरुण मॅनेजर, दर वस्तूची बोली दुप्पट करतो. त्याने तोंड उघडलं. "एक वार दोन वार तीन वार," पाटोळे एका श्वासात म्हणाले आणि टेबलावर हात आपटला. सागरचं तोंड तसंच राहिलं.

भिमाबाईने पैसे ताटात टाकले, कोंबडी काखेत घेतली आणि जागेवर जाऊन बसली. वस्तू परत आणायचं काम मंडळीतल्या मनीषाकडे होतं. ती हात पुढे करून म्हणाली, "मावशी, टेबलावर परत ठेवायची असते."

"का? मी पैसं दिलं ना?"

"दिलेत हो, पण सगळं अर्पण असतं."

"पैसं अर्पण केलं. कोंबडी घेतली," भिमाबाई म्हणाली. "नाय देत."

मंडपात हशा पिकला. पाळकसाहेब समजूत घालायला उठले. भिमाबाईचा चेहरा उतरला, पण काखेतला हात सैल झाला नाही. पाटोळ्यांनी पाळकसाहेबांना बसायची खूण केली. "बरोबर आहे त्यांचं. लिलाव झाला, माल घेणाऱ्याचा. इतकी वर्षं खरं गिऱ्हाईक इथे कुणी आलंच नव्हतं." आणि त्यांनी पुढची वस्तू उचलली. तो एक दुधी होता. तो त्यांनी स्वतःच सातशेला घेतला आणि परत टेबलावर ठेवला. ती कोंबडी फिरून फिरून विकली गेली असती, तर साधारण तेवढेच पैसे फंडात पडले असते.

"तीन वार फार घाईने म्हणालात," मी जेवताना म्हटलं.

"घसा बसला होता," पाटोळे म्हणाले.

जेवणानंतर आंब्याखाली कमिटी बसली. तारखेचा विषय निघायच्या आत भिमाबाई येऊन उभी राहिली. कोंबडी काखेतच होती.

"मी बोलू का?" ती म्हणाली. "पाकीट शिमग्यापर्यंत द्या. तवर ही अंडी घालंल, बसंल, पिल्लं काढंल. शिमग्यानंतर माला नको. माझ्या शेजारी दुर्गा हाय, तिच्या मालकाचं काम सुटलंय. तिला द्या."

पाळकसाहेबांनी "म्हणजे ईस्टरपर्यंत" अशी दुरुस्ती केली. कमिटीने ते मान्य केलं. पाटोळे चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं होतं, त्यांना पाकीट बंद करायचं होतं. त्यांना तारीख तिच्या तोंडून ऐकायची होती, हे मला तेव्हा कळलं, आणि दगड म्हणाल्याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं.

तलंग अकरा अंड्यांवर बसली. नऊ पिल्लं निघाली, दोन मुंगसाने नेली. वर्षभरात भिमाबाईची गावठी अंडी पाटोळ्यांच्या गाळ्यापासून आमच्या कॉलनीपर्यंत यायला लागली. माझी बायको पल्लवी भाजीवाल्यांना घाम फोडते, पण भिमाबाई एका अंड्यामागे पंधरा रुपयांच्या खाली उतरत नाही.

दरम्यान मी माझा डाव टाकला. कोंबडीपालनाच्या सरकारी योजनेचा अर्ज मीच भरून दिला. तिला वीस पिल्लं आणि खुराड्याला जाळी मिळाली. शनिवारी मी विजयी मुद्रेने गाळ्यात शिरलो. "करांच्या पैशातून आली, पाटोळे. तुमच्या आणि माझ्या."

पाटोळ्यांनी चहाचा घोट घेतला. "बरं झालं. आयुष्यभर कर भरला, त्यातलं एक पिल्लू तरी कुठे गेलं ते कळलं." आणि दुसऱ्या दिवशी ते किलवणीला जाऊन खुराड्याचं दार स्वतः बसवून आले. सरकारी जाळीबरोबर दार आलं नव्हतं.

यंदाच्या सणाला भिमाबाईने एक काळी कोंबडी टेबलावर आणून ठेवली. लिलाव अर्थात पाटोळ्यांचाच. बोली शंभरवर आली, आणि सतरंजीच्या कडेला बसलेली दुर्गा एकदम म्हणाली, "दीडशे." म्हणाली आणि खाली बघायला लागली.

सागरने सवयीने हात वर केला होता. त्याने दुर्गाकडे पाहिलं आणि त्या हाताने केस सारखे केले.

पाटोळे या वेळी घाई करेनात. "एक वार," म्हणाले आणि सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. "दोन वार," म्हणाले आणि पुन्हा थांबले. भिमाबाईला ते सहन होईना. "आता म्हण ना तीन," ती मागून म्हणाली. "पोरगी किती वेळ खाली बघंल?"

"तीन वार," पाटोळे म्हणाले. दुर्गा कोंबडी घेऊन जागेवर गेली. मनीषाने हात पुढे केला नाही.

शनिवारी चहाला मी मुद्दाम विचारलं, "यंदा घसा ठीक होता वाटतं?"

"मागच्या वर्षी मी सागरला बोलू दिलं नाही, ती माझी जबरदस्ती होती," पाटोळे म्हणाले. "ती मला वर्षभर टोचत होती. यंदा मी पुरेपूर वेळ दिला. हात त्याने आपणहून खाली घेतला. हेमंतराव, दहा वर्षं मी तुम्हाला एवढंच सांगतोय."

मी बिस्कीट चहात बुडवलं. त्या दिवशी आम्ही कोंबड्यांबद्दल बोललो.