गेत्स्लनं सांगितलेला पाठ

रुडनिचमधल्या ज्यूंचं पुढारीपण गेत्स्ल कोर्नब्लिटच्या गळ्यात पडलं, ते दुसरं कोणी घेईना म्हणून. जर्मनांनी पहिल्या पुढाऱ्याला गोळी घातली. दुसऱ्यानं अंथरूण धरलं, ते काही केल्या सोडेना. राहिला गेत्स्ल. तो जवसाचं तेल गाळायचा, आणि पुढारी झाल्यावरही त्याच्या कपड्यांना तेलाचाच वास यायचा.

पंचाईत एवढीच की पोथीतलं त्याला धड येत नसे. प्रार्थनाघरात त्यानं तोंड उघडलं की आंशलचं बोट वर जायचं. आंशल गावातला विद्वान, आणि त्याची निम्मी विद्वत्ता गेत्स्लच्या चुका काढण्यातच खर्च होई. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो म्हणे, आणि बाकीचे दाढीत हसत. गेत्स्लही हसे. घरी येऊन मात्र मुलीवर, ब्रायनेवर, उगाच खेकसे. बायको मागेच वारली होती, ब्रायनेच्या ठरलेल्या नवऱ्याला जर्मनांनी आल्या आल्याच उचललं होतं. घरात बापलेक दोघंच.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात हुकूम निघाला. उद्या सकाळी सगळ्यांनी भाकरी आणि गरम कपडे घेऊन बाजारचौकात जमायचं, कामाला न्यायचंय. शेजारच्या गावातून असेच कामाला नेलेले लोक कुठल्या खड्ड्यात पडलेत, हे गेत्स्लला दूधवालीनं सांगितलं होतं.

हुकूम त्यानंच लोकांना सांगायचा, आणि मग सकाळपर्यंत चौकीत बसायचं, असं ठरलं. पुढारी ताब्यात असला की लोक मुकाट येतात, हा जर्मन अधिकाऱ्याचा अनुभव. शेजारी दुभाषा उभा. हा गिरणीवाल्या जर्मनाचा पोरगा, ज्यूंच्याच दुकानांतून वाढलेला. त्यांची बोली त्याला त्यांच्याइतकीच यायची. पोथीची हिब्रू तेवढी येत नव्हती.

गेत्स्लनं हुकूम सांगितला, एक अक्षर न गाळता. मग म्हणाला, "आणि या आठवड्याचा पाठ आहे 'ब्राख लेखो'. विसरू नका."

"हे काय मध्येच?" दुभाष्यानं विचारलं.

"प्रार्थनेचं आहे," गेत्स्ल म्हणाला.

प्रार्थनाघरात दर आठवड्याला पोथीतला एकेक पाठ वाचतात. त्यांत 'लेख लेखो' नावाचा पाठ आहे, पण तो थंडीच्या तोंडावर येतो. 'ब्राख लेखो' नावाचा पाठच नाही. पोथीतली एक आई आपल्या लेकाला सांगते ते हे शब्द. भाऊ जिवावर उठलाय, तू पळून जा.

सवयीनं आंशलचं बोट वर गेलं. त्यानं आता चूक काढली, तर दुभाष्याला संशय येणार. आंशलनं तोंड उघडलं, तसंच उघडं ठेवलं, आणि मग त्या बोटानं कान खाजवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "ब्राख लेखो."

लोक दचकले. आंशल गेत्स्लला बरोबर म्हणाला, यावरूनच निम्म्या गावाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

चौकीत गेत्स्लला गाढ झोप लागली. सकाळी आपल्याला गोळी घालतील हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

सकाळी चौक बराचसा रिकामा होता. माणसं बायकापोरांना घेऊन परसातून दलदलीपलीकडच्या रानात निघून गेली होती. आले होते ते चालता न येणारे, आणि विधवा. विधवा बऱ्याच होत्या. गेत्स्ल त्यांच्याकडे बघतच राहिला. हिब्रू शिकवायची ती मुलग्यांना, मुलींना नाही, रीतच तशी. ज्या घरात पुरुष नव्हता, त्या घरात त्याचा निरोप पोचलाच नव्हता.

आणि त्यांच्या पुढे ब्रायने, हातात भाकरीचं गाठोडं, खांद्यावर बापाचा जाड कोट. शेजारचे तिच्या दारावरूनच गेले होते. पण पुढाऱ्याची मुलगी ती, तिला आपल्याआधी ठाऊक असणार, असं प्रत्येकाला वाटलं.

"काय लोक आहेत बघा," ती म्हणाली. "तुम्ही एवढं घसा फोडून सांगितलंत, आणि कुणाला त्याचं काही आहे का? बरं, काल ते शेवटी काय म्हणालात हो? आंशलकाका चक्क बरोबर म्हणाले. ब्राख म्हणजे काय?"

लहानपणी तिनं पोथी शिकायचा हट्ट धरला होता. काकड्या खारवायला पोथी लागत नाही, असं गेत्स्लनं तेव्हा सांगितलं होतं, आणि घरात सगळे पोट धरून हसले होते.

शिपायांनी चौकाची चारी तोंडं धरली होती.

"'पळ'," गेत्स्ल म्हणाला. "'पळ' असा अर्थ होतो."

ब्रायनेनं शिपायांकडे पाहिलं, मग रिकाम्या चौकाकडे, मग बापाकडे.

"मग मला तसं सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली.