केवळरामजींचा तलाव

स्वभाव चिडका असला, की किस्से आपोआप साचतात. मी चित्रकार, राहते गोंदियात. दर मंगळवारी अर्जुनी मोरगावला जाऊन एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेशंटांना चित्रं काढायला बसवते. याला आर्ट थेरपी म्हणतात, हे समजावण्यातच माझं अर्धं रक्त आटलंय!

*

शेजारीण दारात. "दीदी, बेटी का साइन्स का चार्ट बना दो ना."

"मी चार्ट नाही करत हो. पेशंटांसोबत चित्रं काढते."

ती मनापासून कळवळली. "क्यों? उधर डॉक्टर नहीं मिलता क्या?"

*

एकदा व्हिजिट होती. इन्चार्ज धावत आले. नेमका एका बाईने अख्खा कागद काळा केलेला.

"मॅडम, वरून साहेब येऊन राहिले! जरा फुलंबिलं काढायला लावा."

मी भडकले. "साहेब येतात म्हणून तुम्ही पेशंटचा ताप उतरवता का?"

"कागदावर उतरवतो ना!"

*

नागपूरच्या माझ्या प्रदर्शनात एक जाणकार गृहस्थ कॅनव्हासला नाक लावून उभे. "हे पंजाचे फटकारे... कुठल्या परदेशी चित्रकाराचा प्रभाव?"

"अर्जुनीच्या लीलाबाईंचा. माझ्या पेशंट आहेत."

"अस्सं! त्या कुठे शिकल्या?"

"अंगण सारवताना."

गृहस्थ पुढच्या चित्राकडे गेले. मला वाटलं, यांनाच मंगळवारी घेऊन जावं!

*

एका म्हातारीने तीन पायांची गाय काढली. तिच्या मुलाने ब्रश हिसकून चौथा पाय जोडला.

म्हातारी खवळली. "माही गाय लंगडीच होती ना गा!"

मग मी त्या मुलाला असं झाडलं, असं झाडलं! आधी विचारायचं नाही? बघायचं नाही नीट? खोलीभर लेक्चर दिलं.

*

आणि केवळरामजी. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, फेरी मारतानाच त्यांना लकवा झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताने सहा मंगळवार एकच चित्र काढलं: निळा तलाव, तपकिरी पाळ, एक झाड, झाडाखाली भेग आणि भेगेतून निळे थेंब.

"व्वा!" मी म्हणायचे. "मनातलं वाहू द्या!"

ते ब्रश टेबलावर आपटायचे. मी वहीत लिहायचे, 'राग बाहेर पडतोय.' एवढंच नाही, त्या भेगेवर मी स्वतः चार फुटांचा कॅनव्हास रंगवला!

सातव्या मंगळवारी त्यांची सून सोबत आली. चित्र बघताच ओरडली, "मॅडम, हे तं आमच्या तलावाची पाळ हाये! चिचेपाशी झिरपून राहिली! मामाजी तुमाले सांगून राहिले, अन् तुमी कायले व्वा व्वा करता?"

तिने तिथूनच गावात फोन लावला. माणसं धावली. चिंचेखाली माती ओलीगच्च. अजून थोडे दिवस गेले असते, तर पाळ फुटून गावाचं सगळं धान वाहून गेलं असतं. संध्याकाळपर्यंत मुरूम टाकून पाळ बांधली. मला इतका संताप आला, आणि या वेळी ओरडायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या मंगळवारी केवळरामजींनी तलाव काढला नाही. हळूहळू एक बाई काढली. माझा चष्मा, माझी टिकली, हे एवढं उघडं तोंड.

सिस्टर वाकून बघत म्हणाल्या, "काकाजी, कान काढायचे राहिले वाट्टे."

केवळरामजींनी मान हलवली. नाही.