राखाडी कोटाचा सल्ला

"अगं तसं न्हवं. आधी गुडघ्यावर बस. बसलीस? आता सासऱ्याला चहा दे बघू."

नाम्पिमा मास्तरीणबाईंनी आरशापुढं गुडघे टेकले आणि समोर नसलेल्या सासऱ्याला हातात नसलेला कप दिला. वाकल्याबरोबर गोमेसीचा, त्या पायघोळ रेशमी झग्याचा, रुंद पट्टा सरकून पोटावर चढला.

"बघ, गेला का वर? कमरंवर बांधलास म्हनून. पट्टा कमरंवर न्हाई, खाली हाडावर बांधायचा. गाठ म्होरं, टोकं गुडघ्याला. आन् आतनं जाड धडपा गुंडाळला न्हाईस तू. मग रेशीम मांडीला चिकटनारच की! उभ्यानं घालून बघायचं कापड न्हवं हे. आपला अर्धा जलम गुडघ्यावर जातो, तर कापड बी गुडघ्यावरच बघायचं."

"आणि कानातले?"

"काढ. खांद्याला आधीच बाह्यांची दोन शिंगं उभी हायती, त्यात कानात ताटं कशाला? मोत्याचा दाना बास. व्हॅसलीन कोपराला आन् टाचंला लाव, तोंडाला नगं. घाम आला की त्वांड तव्यावानी चमकतंय."

हे सांगताना शिंपीण तेओपिस्ताचा हात आधी पट्ट्यावर, मग मांडीवर, मग कानावर, मग कोपरावर फिरला होता. मास्तरीणबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. हात लावल्याशिवाय तेओपिस्ता बोलतच नाही, हे सगळ्या कालिसिझो गावाला ठाऊक होतं. बाजारात, मसाका शहराच्या रस्त्याला तोंड करून तिचं दुकान. तीस वर्षं तिथं ती बायकांच्या गोमेसी आणि पुरुषांचे कान्झू शिवत होती, आणि ज्या घरी कार्य असेल तिथं जाऊन घरच्या बायकांना नेसवत होती. लोक तिला आत्याच म्हणत. 'आत्याच्या नजरेखालून गेलं की काळजी नाही,' असं म्हणत.

आणि नजरच राहिली नव्हती.

डाव्या डोळ्यात दोन वर्षांपूर्वी दुधाची साय धरली. उजव्यानं वीतभर लांबचं दिसे. त्यापलीकडं नुसते रंगांचे ढिगारे. चर्चच्या आवारात डोळ्याचे डॉक्टर आले होते तेव्हा त्यांनी मोतीबिंदू सांगितला आणि इस्पितळात या म्हणाले. ती गेली नाही. आधी हंगाम आहे म्हणाली, मग हंगाम संपला, मग दुसरा आला. खरं म्हणजे डोळ्यात पातं घालणार, याचीच तिला भीती होती. टाके घालायला बोटं पुरेशी होती. कुणाला सांगायची गरज पडली नव्हती.

ती गरज आता शनिवारी पडणार होती.

शनिवारी तिच्या भाचीची, प्रॉसीची, क्वांजुला, म्हणजे मागणीचं कार्य, होती. नवरामुलगा वऱ्हाड घेऊन मुलीच्या अंगणात येतो आणि आपल्या माणसांत दडून बसतो. मुलीच्या आत्यानं भरल्या मांडवात जायचं, सगळ्या पुरुषांतून तो हुडकायचा आणि त्याच्या छातीवर फूल टोचायचं. पुरुष सगळे सारखे: पायघोळ पांढरा कान्झू, वर काळा कोट. फूल भलत्याच्या छातीवर गेलं तर वऱ्हाडी दंड मागतात, ते एक वेळ चालेल. पण ती गोष्ट मग दहा वर्षं प्रत्येक कार्यात जेवणावर तोंडी लावायला घेतात. आणि लोक विचारतील, हिला दिसत नाही काय? ज्या बाईला दिसत नाही तिच्याकडं कापड कोण टाकेल? रस्त्यापलीकडं इमॅक्युलेट नावाच्या बाईनं तयार गोमेसी भाड्यानं द्यायचं दुकान काढलंच होतं.

धाकट्या बहिणीला, फेलिस्ताला, पुढं करता आलं असतं. पण फेलिस्ता 'का?' विचारल्याशिवाय राहिली नसती, आणि तिला कळणं म्हणजे रविवारी चर्चमधून जाहीर होणं.

बुधवारी नवरामुलगा कासिरिये कान्झू न्यायला आला. शाळेत गणित शिकवायचा. अबोल, उंच.

"घालून दाखव," तेओपिस्ता म्हणाली आणि त्याच्या पायाशी बसून तिनं घेर चाचपला. "हां. बुटाच्या जिभंवर टेकलाय. पायघोळ म्हंजे रस्ता झाडायला न्हवं, आन् नडगी दाखवायला बी न्हवं. वर कोट कंचा घालनार?"

"काळा. सगळे काळाच घालतात, आत्या."

"म्हनून तर! काळ्या कोटात मानूस वकील दिसतो न्हाईतर मयताला आल्यावानी. तू फिकट राखाडी घाल. चुलीत निवलेल्या राखंवानी. तुझ्या रंगाला खुलंल."

"खरंच?"

"मी तीस वरसं काय भाकड गाईचं दूध काढतीया व्हय?"

तो मान डोलावून गेला. राखाडी त्याला खुललाच असता, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिनं तो त्याच्यासाठी सांगितला नव्हता. काळ्या ढिगाऱ्यात एक फिकट ठिपका तिला दिसला असता, एवढंच.

गुरुवारी तिनं परीक्षा घेतली. दुकानाच्या दारात उभी राहून समोरच्या मोटारसायकलवाल्यांच्या घोळक्यात फिकटसं काय दिसतं ते शोधलं. दिसलं. जीव भांड्यात पडला. रस्ता ओलांडून जवळ गेली तर सिमेंटचं पोतं होतं. शुक्रवारी तिला जेवण गेलं नाही. हिरव्या केळ्यांची उकड पानातच ठेवून ती फुलाची टाचणी काढायची आणि परत खोचायची, असं करत बसली.

शनिवारी प्रॉसीला नेसवताना पट्ट्याची गाठ तीनदा सुटली.

"आत्या, गाठ सारखी का गं सुटतेय?" प्रॉसी कंपालात नोकरीला, बोलणं शहरी, पण डोळा आत्याचाच घेतलेला.

"सकाळधरनं केळी सोलतीया. तू हलू नगंस."

वऱ्हाड फाटकातून आत येऊ लागलं तेव्हा तेओपिस्ता पडवीच्या खांबाला धरून उभी होती. पहिलाच फिकट राखाडी ढिगारा दिसला आणि तिनं श्वास सोडला. त्याच्यामागं दुसरा राखाडी आला. मग तिसरा. ती डोळे चोळत राहिली आणि राखाडी येत राहिले, शेवटच्या माणसापर्यंत.

"अगं बाई," शेजारी फेलिस्ता म्हणाली, "चौदाच्या चौदा राखाडी! दिसत्यात मात्र झ्याक. जावई म्हनं शाळंत सांगत सुटला, आत्यांनी राखाडी सांगितलाय. मसाक्यात भाड्याला एक राखाडी कोट उरला न्हाई म्हनत्यात."

तेओपिस्ताचा सल्ला आजवर कुणी मोडला नव्हता. आज एकानं तरी मोडायला हवा होता.

वऱ्हाडाच्या पुढाऱ्यानं भोंग्यावरून पुकारलं, "मुलीच्या आत्या! तुमचा माणूस आमच्यात असेल तर दाखवा!"

ती फूल घेऊन निघाली. गालिच्यावर गुडघे टेकून तिनं पाहुण्यांना नमस्कार घातला आणि उठताना तिला वाटलं, इथंच चक्कर आल्यासारखं करून पडावं. नवऱ्यामुलानं बोलायचं नसतं, हसायचं नसतं. बसल्यावर उंचीही सारखी. दोनशे माणसं बघत होती. तिनं पहिल्या माणसापुढं जाऊन त्याच्या गळ्याला हात घातला.

"ही कॉलर कुनी इस्तरी केली? गाईनं चाटल्यावानी दिसती."

मांडव हसला. तिनं खाली बसून त्याच्या कान्झूचा काठ उलटा केला. यंत्राची शिलाई. पुढं.

"तुझा कोट भावाचा हाय व्हय? खांदा कोपरावर आलाय."

"मित्राचा, आत्या!" कुणीतरी मागून ओरडलं.

"मित्राला सांग, बारीक हो."

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाला एक टोमणा आणि प्रत्येकाच्या काठावरून बोट. कान्झूच्या काठाला ती आतून हातानं उलटा टाका घाली आणि डाव्या शिवणीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ मारी. सातव्याला ती गाठ लागली. हात फुलाकडं गेला. लोक आरोळीच्या तयारीत. पण बोटाला काहीतरी खटकलं. काठ मऊ होता, खूप धुतलेला. गेल्या वर्षी शाळेतल्या दोघा मास्तरांचे कान्झू तिनंच शिवले होते! तिनं हात मागं घेतला.

"काठ चांगला हाय, मानूस उगी हाय," ती म्हणाली आणि उठली. मांडव पुन्हा हसला.

अकराव्याचा काठ करकरीत, खळीचा वास असलेला. उलटा टाका. दाणा. तिनं वर तोंड करून पाहिलं, एक तपकिरी ढग दिसला. टोमणा सुचला नाही. तिनं कोटाची कड चाचपून टाचणी खुपसली. तो माणूस 'स्स' करून थांबला.

बायकांनी जिभेची किलकारी दिली आणि ढोल वाजला.

"अशी झडती कुठल्या आत्यानं घेतली न्हवती," फेलिस्ता म्हणाली. "आता आमाला बी असंच करा म्हनतील की गं!"

सोमवारी दुकान उघडून तासही झाला नव्हता, तोच कासिरिये आला. हातात घडी केलेला कान्झू.

"आत्या, छातीवर डाग पडलाय. रक्ताचा."

"थंड पान्यात भिजव, वर मीठ चोळ. गरम पानी लावलंस तर जलमभर ऱ्हाईल."

तो गेला नाही. बाकावर बसला. "तुम्ही मला ओळखलं नव्हतं."

तेओपिस्तानं सुईत दोरा घातला. जिभेनं ओला करून, बोटांच्या चिमटीत, न बघता. "शिलाई वळखली."

"प्रॉसीलाही कळलंय. आम्ही कुणाला बोललो नाही." तो थांबला. "मसाक्याच्या इस्पितळात तुमचं नाव घातलंय. गुरुवारी जायचं."

"गुरवारी चार गोमेसी द्यायच्या हायती."

"मग शुक्रवारी."

"डोळं उघडून आत पातं घालत्यात म्हनं."

"हो. पण दुखत नाही म्हणतात."

"म्हनत्यात! त्येंच्या डोळ्यात घातलं होतं व्हय?" सुई कापडात तशीच उभी राहिली. "तुझ्या मोटारसायकलवर मी एका बाजूनंच बसनार. हळू चालवायची. आन् दुकानाला पाटी लावायची न्हाई, आत्या कुटं गेली म्हनून."

"नाही लावत."

दारात कुणीतरी आलं होतं. हिरवट काहीतरी हातात होतं.

"आत्या, हा रंग मला शोभंल का गं?"

"दारातनं काय इचारतीस? जवळ ये, हाताला लागू दे," तेओपिस्ता म्हणाली आणि शिलाईयंत्राच्या पायडलवर पाय ठेवला.