मुक्ताईने उलट विचारलेला प्रश्न

मुक्ताई उजागरे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत दोघींची दारं एकमेकींकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तिच्याकडे कोण आलं आणि कोण रागावून गेलं, हे मला न विचारता कळतं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तिने नोकरी केली आणि रविवारी सकाळी आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांच्या दोन पिढ्या शिकवल्या.

त्या वर्गात तिने एक प्रथा पाडली होती. वर्षाच्या शेवटच्या रविवारी धडा नसे. मुलांनी बाईंना अडकवायचं. शाळेत, मैदानावर लोक ख्रिस्ती म्हणून तुम्हाला जे जे विचारून गप्प करतात, ते सगळं मला विचारा, असं ती म्हणायची. तुमचा देव एक की तीन? सगळं देवाने केलं, तर सैतान कुणी केला? तिचा स्वतःचा मुलगा अभय सगळ्यांत बिलंदर. एकदा त्याने विचारलं, "देवाला उचलताच येणार नाही एवढा जड दगड देव करू शकतो का?" वर्ग बाकं वाजवायला लागला.

"दगडाचं नंतर बघू," मुक्ताई म्हणाली. "शुक्रवारपासून आपल्या दारात पडलेलं तुझं दप्तर कोण उचलणार, ते आधी सांग."

हशा ओसरला की मग ती शिकवायची. काही प्रश्न उत्तरासाठी असतात, काही माणसाला पाडण्यासाठी. परक्या रोमी राजाला कर द्यावा का, असं विरोधकांनी प्रभूला विचारलं, तेव्हा 'हो' म्हटलं तरी पकडणार होते आणि 'नाही' म्हटलं तरी. त्याने नाणं मागून घेतलं आणि त्यावर चेहरा कुणाचा, असं त्यांनाच विचारलं. "पण त्यांना हरवायला नाही हं विचारलं," मुक्ताई बोट उगारून सांगायची. "आपल्या खिशात आपण काय बाळगलंय, ते त्यांना दिसावं म्हणून."

अभय मोठा झाला, खराडीला कंपनीत लागला आणि चर्चला येईनासा झाला. भांडण काही नव्हतं. "आई, मला आतून काही वाटत नाही, मग खोटं कशाला बसू?" एवढंच तो म्हणाला. पुढे त्याने श्रद्धाशी लग्न केलं. ती कात्रजच्या बौद्ध घरातली, बँकेत नोकरीला. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही दोघी-तिघी बायका सोडल्या तर कुणी गेलं नाही. मुक्ताईने सुनेला आपल्या बांगड्या घातल्या आणि पुढे नातीचं, पूर्वाचं, सगळं हौसेने केलं. दर शनिवारी पूर्वा आजीकडे राहायला यायची. जिन्यात तिची चप्पल वाजली की मुक्ताईच्या आधी मीच दार उघडायचे.

गेल्या वर्षी, ईस्टरला काही आठवडे असताना, अभय ऑफिसातच कोसळला आणि गेला. चाळिशी नुकती ओलांडली होती. मी आणि मुक्ताई रिक्षाने कात्रजला त्याच्या घरी निघालो. ती रडत नव्हती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "माझी जागा त्याला देणार."

मला लगेच कळलं. आमच्या दफनभूमीत नवी जागा उरलेली नाही. पुरेशी वर्षं झाली की घरच्याच जुन्या कबरीत घरातल्या पुढच्या माणसाला ठेवतात. मुक्ताईच्या नवऱ्याच्या कबरीत एकाची जागा होती, ती तिची. दगडावर त्याच्या नावाखाली तिने कोरी ओळही सोडून घेतली होती. बापाजवळ आता मुलगा निजणार होता. तिला तेवढंच हवं होतं.

आमच्यात मृत्यूची बातमी आली की मंडळीचे सेक्रेटरी कुणालाही न विचारता आधी कबर खणायला सांगतात. त्याच दिवशी दफन करायचं असतं, विचारत बसायला वेळ नसतो. बाबुराव साळव्यांनी सवयीने तेच केलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते अभयच्या हॉलमध्ये उभे राहून सांगत होते, "बापाची कबर उघडून तयार आहे. चारला नेऊ."

"कुणाला विचारून?" श्रद्धाचा धाकटा भाऊ सुदर्शन म्हणाला. तलाठी आहे, आवाज मोठा. "लग्नाला तुमच्या चर्चला रस्ता सापडला नाही. मातीला बरोबर सापडला?"

"आवाज खाली करा. बाप्तिस्मा झालेला मुलगा आहे तो आमचा."

"आणि नवरा कुणाचा आहे?"

अभय मध्ये चादरीखाली होता. श्रद्धा त्याच्या पायाशी बसली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग सुदर्शन मुक्ताईकडे वळला. "काकू, तुम्हीच सांगा. एका शब्दात. दाजी आमच्या ताईचे, की तुमच्या चर्चचे?"

"हो मुक्ताबाई, सांगाच," बाबुराव म्हणाले. "अभय प्रभूचा होता, की नव्हता?"

चर्चचा म्हटलं, तर त्या घराचं दार तिला बंद होणार आणि पूर्वाचे शनिवार संपणार. श्रद्धाचा म्हटलं, तर पोटच्या पोराला तिने सगळ्यांसमोर प्रभूपासून तोडलं असं होणार. दोघेही वाट बघत होते. मला तिचा तो वर्षाखेरचा वर्ग आठवला.

तिने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पूर्वाला जवळ घेतलं. "सुदर्शन, हे कपाळ कुणाचं रे?"

"दाजींचं," तो म्हणाला. कुणीही तेच म्हणालं असतं.

"बाबुराव, आणि हे डोळे?"

"सुनबाईंचे."

"मग आता दोघं मिळून ठरवा, हिच्यातलं काय कात्रजला ठेवायचं आणि काय चर्चला न्यायचं. ठरलं की मला सांगा, मी तिला तयार करते."

सुदर्शनने मान खाली घातली. बाबुरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"जिचा नवरा गेलाय, तिला कुणी विचारलंत?" असं म्हणून मुक्ताई श्रद्धाजवळ खाली बसली. "तो काय म्हणायचा, बाळा?"

श्रद्धाने सांगितलं, "ते म्हणायचे, मला विद्युतदाहिनीत द्या. चर्चचे पाळकही नको, विहारातले भन्तेजीही नको." मग ती घाईने म्हणाली, "पण आई, तुम्ही म्हणाल तसं करू. खरंच. माझं काही नाही."

नवऱ्याजवळची ती कबर तिकडे उघडी होती. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द सुनेनेच हातात दिला होता. मुक्ताई अभयच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चादरीबाहेर आलेला त्याचा हात तिने आत सारला.

"तो म्हणाला तसं," ती म्हणाली.

"कबर उघडी आहे, मुक्ताबाई," बाबुराव हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात आता कसला हक्क नव्हता.

"बुजवायला येते मी उद्या."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. खणणारा बजरंग फावड्यावर हात ठेवून उभा होता. "रिकामी कधी बुजवली नाही, बाई," तो म्हणाला. आमच्यात शवपेटी खाली गेली की प्रत्येकजण मूठ-मूठ माती टाकतो. मुक्ताईनेही वाकून मूठ भरली. मग आत बघत तशीच उभी राहिली.

"कुणावर टाकू गं?" तिने मला विचारलं.

शेवटी बजरंगनेच कामाला सुरुवात केली. मी रोज डायरी लिहिते, पण त्या दिवशी तारखेपुढे माझ्याने काही लिहवलं नाही.

मंडळीत मात्र मुक्ताईचं उत्तर गाजलं. काय बोलली, दोघांनाही कसं गप्प केलं! पाळकांनी उपदेशात नाव न घेता तो प्रसंग सांगितला. लोक वळून तिच्याकडे बघत हसले. ती गीतांचं पुस्तक मांडीवर घट्ट धरून बसली होती. घरी आल्यावर कुलपाला किल्ली लावता लावता म्हणाली, "उत्तर सगळ्यांना आवडलं. मला तो तिथे हवा होता गं, त्याच्या बापाजवळ."

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे दफनभूमीत जातो, कबरी धुतो, मेणबत्त्या लावतो, उजाडताना गातो. श्रद्धाने पूर्वाला आदल्या दिवशी आपणहून आणून सोडलं होतं. नऊ वर्षांची पोर, निशिगंधाची फुलं घेऊन आजीचा हात धरून आली. आजोबांच्या दगडापुढची माती अजून खचलेली होती. पूर्वाने फुलं मांडली, एक मात्र हातात ठेवलं.

"आजी, बाबा इथे आहेत?"

"नाहीत, बाळा."

"मग कुठे आहेत?"

यात डाव नव्हता, उलट विचारण्यासारखं काही नव्हतं. बाजूला लोक गात होते. मुक्ताई खाली बसली, पूर्वाच्या उंचीला आली. "मला नाही माहीत. तो ज्याच्याकडे आहे, त्याला मी ओळखते. रोज त्यालाच विचारते."

"तो काय म्हणतो?"

"अजून काही नाही."

पूर्वाने थोडा विचार केला. "मग हे फूल कुठे ठेवू?"

मुक्ताईने इकडेतिकडे बघितलं. तिच्या नवऱ्याच्या नावाखालची ओळ कोरीच होती. तिने ते फूल घेतलं आणि मुठीत धरलं. रिक्षात, जिन्यात, दाराशी पोहोचेपर्यंत तिने ती मूठ उघडली नाही. कुलूपही पूर्वानेच काढलं.