पुकारलेलं वजन

"एक्क्याऐंशी किलो!"

शिपायानं असा आवाज काढला, की तिकडं देगलुरात एखाद्या बाईच्या हातातली भाकरी गळून पडली असेल.

मी काट्यावर उभी. कॉलेजचं मैदान. डावीकडं पोरांची रांग, उजवीकडं पोरींची. दरसाल शारीरिक चाचणी व्हायची. कार्डावर खेळाच्या सरांची सही नसली की परीक्षेचा फॉर्म घेत नसत. कॉलेजचा काटा मोडलेला, म्हणून सरांनी भावाच्या आडतीवरचा, तुरीची पोती मोजायचा काटा आणलेला. शिपायानं आकडा पुकारायचा, कारकुनानं लांब लिंबाखाली बसून लिहायचा. कारकुनाला नीट ऐकू गेलं नाही. म्हणून परत एकदा, "एक्क्याऐंशी!"

सर म्हणाले, "भूकंपाचं रेशन पोरीला लई मानवलं."

मैदान हसलं. लिंबावरचे कावळेसुद्धा हसले, शपथ. आणि मीही हसले. ते कावळ्यांचं मी वाढवून सांगते. माझं हसणं खरं आहे.

माझ्या आधी शिरूर अनंतपाळचा एक पोरगा चढला होता. त्याचंही एक्क्याऐंशीच. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला पैलवान म्हणाले, कुस्तीच्या संघात नाव घातलं.

आमचं गाव भूकंपात झोपलं, तेव्हा मी दोन बहिणींना दगडाखालून ओढून काढलं होतं. सांगताना मी तो दगड हत्तीएवढा करते. तेवढा नव्हता. माझ्याहून मोठा होता, एवढं खरं. आईवरचा मात्र हलला नाही. अंगात अजून जोर पाहिजे होता.

आणि त्याच अंगाची मला लाज वाटायला लागली. लातुरात गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड, पोरं मार्कांच्या मागं. माझ्या डोक्यात एकच आकडा. खानावळीचा डबा मी मैत्रिणीला द्यायची. उन्हाळ्यात अंगभर ओढणी. मी इतकी वाळले की फुंकर मारली तर नांदेडला जाऊन पडले असते, असं सांगते. उतरले चार किलो. जिन्यात चक्कर येऊन पडले तेवढं जास्तीचं.

दुसऱ्या वर्षी तोच काटा, तोच शिपाई. "चढ."

पाय उचललाच नाही. मी म्हणाले, "मागच्या साली त्या पोराचं न् माझं वजन सारखंच भरलं, सर. त्याला तुम्ही पैलवान म्हणालात. मला काय म्हणालात, ते आज परत म्हणा."

सर म्हणाले नाहीत. कारकुनाला म्हणाले, "हिचं कार्ड बाजूला ठेवा."

मागं वळून पाहिलं. मला वाटलं होतं पोरी रांग सोडतील. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझा डबा खाणारी मैत्रीण काट्यावर चढली.

प्राचार्यांकडं गेले. "थट्टा करतात गं ते. मनावर घेऊन राहिलीस होय." फॉर्मची मुदत संपली. माझं वर्ष गेलं. गावाकडं बाप भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडच्या दारात बसून होता. एवढंच बोलला, "चढली असतीस तर काय झालं असतं?"

 

पण ठरलं ते ठरलं. पुढच्या साली रांगेत मी पहिली उभी राहणार. वजन बाईनं करायचं, दाराआड, आकडा कागदावर, तोंडात नाही. जमत नसेल तर गैरहजर लिहा. दरसाल लिहा. मी मैदानातच असेन, खाली, जमिनीवर.