खाली उतरलेली रेघ

साथीच्या दिवसांत मी वीज कार्यालयात घरोघरच्या मीटरचे आकडे बघत असे. दुरुस्तीसाठी कोणत्या गल्लीची वीज कधी बंद करायची, ते त्यावरून ठरायचं. एका घराचा वापर दिवसभर जराही कमी होत नव्हता. फोन केला, तर एक बाई म्हणाल्या, "बाबांना ऑक्सिजनचं मशीन लावलंय हो. वीज घालवू नका." आम्ही त्या गल्लीचं काम पुढे ढकललं.

आठवड्याने पडद्यावरची त्या घराच्या वापराची रेघ एकदम खाली आली. साहेब म्हणाले, "बरं झालं. उद्या दुरुस्ती उरकून घ्या."

मला मात्र बसवेना. माणूस बरा झाला तरी रेघ अशीच उतरते, आणि गेला तरी अशीच. आकड्यांना त्यातला फरक कळत नाही. दोनदा नंबर लावला आणि समोरून कोणी उचलायच्या आत फोन ठेवला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला.

"बाबा कालपासून मशीनशिवाय आहेत. आत्ता भात मागतायत," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "पण ताई, मशीन आत्ताच शेजारच्या काकूंना दिलंय."

मी साहेबांकडे वळले. म्हटलं, "उद्याही नको."